डाव्या बाजूचा ट्वीटर

घरात पाऊल टाकायच्या आधीच मुक्ताबाईने मला फाटकात गाठलं. मुक्ताबाई आमची शेजारीण. तिच्या दोन म्हशी, एक कुत्रं, आणि आमच्या घरात काय चाललंय यावर बारीक लक्ष.

"बाई, तुमी पुण्याला गेल्या आन् इकडं आमचं लई हाल झालं. मंगळवारी दुपारभर तुमच्या घरातनं शिट्टी येत हुती. बारीक, कानात सुई घातल्यावानी. आमचं कुत्रं नुसतं रडत हुतं. मी दादांना हाका मारल्या, तर म्हनले, कसली शिट्टी?"

"बघते हं," असं म्हणून मी पिशवी उचलली आणि आत गेले. तोंडावर हसू ठेवलं होतं, ते पायरी चढेपर्यंतच. दोन वर्षं मी ज्या दिवसाला टाळत होते तो मी पंधरा दिवस लेकीकडे गेल्याबरोबर येऊन उभा राहिला होता.

आता आधी माणसं सांगते. दादा म्हणजे माझा नवरा, शामकांत. तोंडाने मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना 'अहो' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटायचं मी त्यालाच हाक मारतेय. म्हणून नावाने लिहिते. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक बागेत फिरायला जातात, हे जुन्या साउंड सिस्टिमच्या मागे लागले. रेकॉर्ड प्लेअर, काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, स्पूलचे टेपरेकॉर्डर, कमरेएवढे लाकडी स्पीकर. आमच्या लहानपणी हे सामान श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असायचं. पुढे ते माळ्यावर गेलं, माळ्यावरून भंगारात गेलं, आणि आता पुण्या-मुंबईची पोरं तेच भंगारातून हुडकून भिंगारला आमच्या दारात आणतात. कालाय तस्मै नमः, दुसरं काय.

आणतात ते शामकांतच्या कानासाठी. दुरुस्ती करणारे पुष्कळ आहेत, पण यांची रीत वेगळी. मीटरवर सगळं जुळलं तरी सेट घराबाहेर जात नाही. दारं-खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, दोन स्पीकरच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसायचं आणि एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकायची. मधे कोणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. मग आपल्या सुरेख अक्षरात एक चिठ्ठी लिहायची, 'पूर्ण ऐकले. शा. वि. गंधे', खाली तारीख, आणि ती स्पीकरच्या आत चिकटवायची. लोक पाहुण्यांना झाकण उघडून ती चिठ्ठी दाखवतात म्हणे. आमच्या लग्नाच्या फोटोलाही इतका मान नाही.

तर हा कान दोन वर्षांपूर्वी गेला. सगळा नाही, वरचा. लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांचा सराव चालू झाला की तो धमाका यांना माझ्या आधी कळतो. गप्पा कळतात, कुकरची शिट्टी कळते. पण त्या वर्षी भाद्रपदात संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि हे म्हणाले, "यंदा रातकिडे नाहीत बघ. एवढ्या फवारण्या केल्यावर राहणार कुठून?" चारी बाजूंनी रातकिडे नुसते किंचाळत होते. मी हसले. मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं हसू तिथेच थांबलं. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डिजिटल थर्मामीटर काखेत धरून पाव तास बसले, कारण तो कधीचा वाजून गेला होता.

मी सांगितलं नाही. का, तेही सांगते. वर्कशॉपात यांचे जोडीदार होते वैजनाथ, फावल्या वेळात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. डॉक्टरांनी घड्याळ बंद करा म्हणून सांगितलं, आणि तो चांगला धडधाकट माणूस खाटेवर बसला तो बसलाच. आठ महिन्यांत आटोपलं. शामकांत त्यांच्या दहाव्याहून आले आणि म्हणाले, "त्याचे डोळे गेले तेव्हाच तो गेला होता, उरलेलं आपण आज केलं." हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. यांचा कान गेला हे यांना सांगायचं म्हणजे खाट आपल्या हाताने घालायची.

म्हणून मी दुसरा उद्योग केला. चाळीस वर्षं या माणसाच्या संसारात राहून मलाही ऐकायला येऊ लागलं होतं. हे खुर्चीत बसले की मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची. नंतर चहा देताना सहज म्हणायची, "उजव्या बाजूच्या गवयाने तोंडात पान धरलंय वाटतं." हे म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं." आणि दुसऱ्या दिवशी, "मला कालच शंका आली होती," म्हणून उजवी बाजू खोलून बसायचे. दोष सापडायचा. कॉलर ताठ व्हायची. असे अकरा सेट बाहेर गेले, अकराही चोख. मी स्वतःवर खूष होते. मास्तरीण होते ना मी, पोराला कळू न देता उत्तर सुचवायची सवय हाडात मुरलेली.

बारावा सेट धवलचा. धवल पुण्याचा, कॉम्प्युटरमधली नोकरी आणि जुन्या साउंड सिस्टिमचे व्हिडिओ करायचा नाद. चाळीस हजार माणसं त्याचे व्हिडिओ बघतात. एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बंगल्यातून त्याने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले आणि यांच्याकडे टाकले. मी पुण्याला निघाले तेव्हा काम अर्धं होतं. मी येईपर्यंत थांबा असं म्हणायला मला काही कारण नव्हतं, आणि होतं ते बोलायचं नव्हतं.

हॉलमध्ये शामकांत वाट बघत उभे होते. नवा झब्बा घातलेला.

"बस. चहा नंतर. आधी ऐक."

त्यांनी सतारीची रेकॉर्ड लावली. मी पर्ससकट खुर्चीच्या कडेला टेकले. दोन मिनिटांत मला जे कळायचं ते कळलं. उजवीकडून सतारीच्या तारांची झणझण येत होती, आणि डावीकडून नुसता घुमारा. प्रत्येक स्पीकरला वर एक लहान डबी असते, ट्वीटर म्हणतात तिला. बारीक आवाज सगळे तिच्यातून येतात. डावीकडची मेली होती.

"मंगळवारी एक व्हॉल्व्ह बिघडला होता," शामकांत सांगत होते. "मीटरवर कळलं. बदलून टाकला. आता बघ कसं लोणी झालंय."

मंगळवारी. म्हणजे मुक्ताबाईची शिट्टी ती. व्हॉल्व्ह बिघडल्यावर ॲम्प्लिफायर किंचाळत होता, आणि हे शांतपणे समोर बसून आवाज वाढवून बघत होते. त्या किंचाळण्याने दुपारभरात डावा ट्वीटर जाळून टाकला. कुत्र्याला कळलं, म्हशींनाही कळलं असेल, आणि पंचक्रोशीत ज्याच्या कानाचा डंका त्यालाच कळलं नाही.

"कसं वाटतंय?"

"छान," मी म्हटलं.

"काल रात्रीच चिठ्ठी लावली. धवल चार वाजता येतोय. इथे बसून व्हिडिओ करणार आहे, मी ऐकतोय असा. त्याच्याबरोबर मोठे हेडफोन असतात, माईक असतात. भलताच तयार मुलगा आहे, सुईएवढं कमीजास्त पकडतो."

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा.

जेवायला बसलो. हे लेकीच्या, रुचाच्या, नव्या घराची चौकशी करत होते, मी हूं हूं करत होते. चार वाजता धवल हेडफोन लावणार, दोन मिनिटांत त्याच्या कपाळाला आठी पडणार, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस हजार माणसांना कळणार की भिंगारच्या गंधेकाकांचा कान गेला. तेही कॅमेऱ्यासमोर, हे डोळे मिटून 'वा' म्हणत असताना. यांची फजिती मी एकटीने बघितली असती तर गिळली असती. ही चारचौघांत होणार होती.

जेवल्यावर हे रोज तासभर पडतात, पण आज पडले नाहीत. झब्ब्याला सुरकुती पडेल म्हणाले. मी म्हटलं, "मग सदर बाजारात जाऊन या. पाहुण्यापुढे ठेवायला घरात शेवेची काडी नाही. आणि बालुशाही आणा, पण ताजी, समोर काढून घ्या." बालुशाही समोर काढून घ्यायची म्हणजे अर्धा तास कुठे गेला नाही.

स्कूटर कोपऱ्यावर वळली आणि मी कडी लावली. डाव्या स्पीकरची पुढची जाळी काढली, ट्वीटरचे चार स्क्रू सोडवले, वायर मोकळ्या केल्या आणि यांचा मीटर लावला. आतली तार शाबूत असली की मीटर बारीक 'पीं' वाजतो. वाजला नाही. मी तीनदा लावून बघितला. मग चौथ्यांदाही.

असा ट्वीटर आता मिळत नाही. पण घरात दोन होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शामकांतनी आमच्यासाठी स्पीकरची जोडी बनवली होती, सागवानाची. त्यात हाच ट्वीटर. त्यासाठी ते मुंबईला दोनदा गेले होते. आमच्या त्या जोडीवर मी रोज सकाळी गाणं ऐकते. तिचा वरचा बारीक आवाज घरात ऐकू येणारी आता मी एकटीच होते. तो गेला तर माझ्याशिवाय कोणाला कळणार होतं? मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण विचार करायला वेळ नव्हता. मी आमचा डावा स्पीकर आडवा केला आणि स्क्रू फिरवायला लागले.

ट्वीटर बाहेर निघाला, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, आणि मागच्या दाराचा आवाज झाला. पुढच्या दाराला कडी लावली होती. मागच्याला लावायची विसरले होते.

"धवलचा फोन आला, तो सुप्याला पोचला. तासाभरात—" शामकांत बोलता बोलता थांबले. हातात शेवेचा पुडा. समोर मी फरशीवर मांडी घालून बसलेले, एका बाजूला धवलचा स्पीकर उघडा, दुसऱ्या बाजूला आमचा, आणि मांडीवर दोन ट्वीटर.

"हे काय चाललंय?"

मला शंभर थापा सुचायला हव्या होत्या. एकही सुचली नाही.

"डावा ट्वीटर गेलाय," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"धवलचा. मंगळवारी जळला. व्हॉल्व्ह बिघडला तेव्हा शिट्टी वाजत होती. मुक्ताबाईच्या कुत्र्यालासुद्धा ऐकू गेली."

"मी काल पूर्ण रेकॉर्ड ऐकली. दोन्ही बाजू. चिठ्ठी लावली आहे मी."

"हो."

"मग? मला ऐकू येत नाही म्हणतेस?" आवाज चढला होता. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्यावर चार-पाच वेळाच ओरडला असेल. "वर्कशॉपात मेजरसाहेब मला बोलवायचे, मीटरवर विश्वास नव्हता त्यांचा. आणि तू, तांदूळ निवडत बसणारी—"

तांदूळ म्हटल्यावर माझंही डोकं फिरलं. मी मीटर उचलला, त्याची आकड्यांची बाजू माझ्याकडे केली आणि दोन्ही टोकं हातात धरली.

"बसा खुर्चीत. डोळे मिटा. वाजला की सांगा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"मिटा."

ते बसले. डोळे मिटले. मी टोकं एकमेकांना लावली. मीटर वाजायला लागला, हॉलभर, न थांबता. मी मनात दहा आकडे मोजले. शामकांत मान थोडी पुढे काढून बसले होते, तोंडी परीक्षेला बसलेला मुलगा पहिल्या प्रश्नाची वाट बघतो तसे. मी टोकं वेगळी केली. हॉल शांत झाला. आणखी थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, "हां. आत्ता वाजला."

मी टोकं लांबच धरली.

"बरोबर ना?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की मीटर खिडकीबाहेर फेकून द्यावा आणि हो म्हणावं असं वाटलं. मी हो म्हटलं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातात फाकवून धरलेली दोन टोकं बघितली.

शेवेचा पुडा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांत अकरा सेट गेले."

"अकराही चांगले गेले. मी ऐकत होते. गवयाच्या तोंडात पान आहे असं म्हणायचे ना, ते उगाच नाही."

मला वाटलं आता खचतील. मला खाट दिसायला लागली होती. पण त्यांचा चेहरा खचलेला नव्हता, तो संतापलेला होता, आणि तो संताप कानाचा नव्हता.

"अकरा माणसांना मी लिहून दिलं की मी ऐकलं," ते म्हणाले. आवाज आता खाली होता. "ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, तुला होतं. तू मला सांगितलं असतंस तर मी काम बंद केलं असतं, नाहीतर तुला शेजारी बसवून तुझी सही घेतली असती. दोन्ही मला जमलं असतं. पण तू ठरवून टाकलंस की ह्याला जमणार नाही. वैजनाथच्या रांगेत नेऊन बसवलंस मला, आणि वर दोन वर्षं लबाड केलंस."

मी जिला माया समजत होते तिच्यात माझाच भित्रेपणा किती होता, हे त्या फरशीवर बसून मला पहिल्यांदा कळलं. मला रडू येत होतं, पण सोल्डरिंग आयर्न तापलं होतं आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

"आधी हा बसवून घ्या," मी आमचा ट्वीटर पुढे केला. "अजून वेळ आहे. त्याला काही कळणार नाही. भांडण मग करू."

त्यांनी ट्वीटर घेतला. खाली बसले, चष्मा लावला आणि वायर जोडायला लागले. हात किंचितही हलत नव्हता. दोन ठिपके सोल्डरचे, चार स्क्रू, जाळी. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, वेळ निभावली.

मग त्यांनी स्पीकरची मागची फळी उघडली, हात आत घातला आणि नखाने खरवडून चिठ्ठी काढली.

"अहो, आता कशाला? सेट आता चांगला झाला ना?"

"सेट झाला. चिठ्ठी नाही झाली."

एवढ्यात आमची बारीक किणकिणणारी बेल वाजली. मी उठले. मला उठताना बघून शामकांतना कळलं की बेल वाजली.

धवल आत आला तोच कॅमेऱ्याचा स्टँड काखेत घेऊन. तिशीचा, हसरा, पाया पडणारा. हॉलमधला पसारा त्याने बघितला, आमचा आडवा पडलेला स्पीकरही बघितला, पण विचारलं नाही. कॅमेरा लावला, हेडफोन गळ्यात अडकवले.

"काका, तुम्ही नेहमीसारखे खुर्चीत बसा. मी सुरू करतो."

"सुरू झालं की सांग," शामकांत म्हणाले.

"झालं."

"मी शामकांत गंधे," त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे बघून सुरुवात केली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, चौकट घट्ट धरून. "या सेटचा डावा ट्वीटर माझ्या हातून मंगळवारी जळला. मला तो जळताना ऐकू आला नाही आणि जळल्यावरही कळलं नाही. मी चिठ्ठी लावली होती, ती आत्ता काढली. आत्ता बसवलेला ट्वीटर आमच्या घरातला आहे. माझा वरचा कान गेला आहे. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत सेट ऐकले ते माझ्या बायकोने—"

धवलने कॅमेरा बंद केला.

"काका, हे नको," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "तुम्हाला लोक माहीत नाहीत. खाली काय काय लिहितील. ज्यांच्याकडे तुमचे सेट आहेत तेही नावं ठेवायला लागतील."

"ठेवू देत."

"आपण असं करू. मी आत्ता ऐकतो, ठीक असेल तर तुम्ही चिठ्ठी लावा. काकूंनी ऐकलंय म्हणालात ना? मग झालं की. सही तुमची राहू दे. लोक तुमची सही बघायला येतात, काका, खरं सांगतो."

मला धवलचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण दोन वर्षं मी नेमकं हेच करत आले होते. त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती ओंगळ आहे हे कळलं.

"सही नाही," शामकांत म्हणाले. "सेट ऐकून घे आणि घेऊन जा."

धवलने ऐकला. दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणाला. बालुशाही आणलीच नव्हती, शेव त्याने खाल्ली नाही. तासाभराने सेट गाडीत चढवून तो गेला. जाताना पाया पडला, पण व्हिडिओबद्दल बोलला नाही. तो काही दाखवणार नव्हता, हे आम्हाला दोघांनाही कळलं.

त्यानंतर शामकांतनी कपाटातून वही काढली. प्रत्येक सेटचं नाव, गाव, फोन नंबर तिच्यात टिपलेला असतो. ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या आणि मला बोलावलं. उन्हं उतरली होती.

"धवल सांगणार नाही. मग मी सांगतो. अकराही जणांना."

"अहो, त्यांचे सेट व्यवस्थित वाजताहेत. कशाला उगाच झोपलेल्याला उठवायचं?"

"त्यांच्या सेटमध्ये माझी चिठ्ठी आहे. वाच पहिला नंबर."

पहिला नंबर पुणतांब्याच्या कानिफनाथचा. कानिफनाथचे पेरूचे मळे. माणूस गाण्याचा वेडा. नदीकाठच्या घरात त्याने हजारभर रेकॉर्ड जमवल्यात आणि यांच्यावर देवासारखी श्रद्धा. दर हिवाळ्यात पेरूची पेटी पाठवतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा सेट गेला, माझ्या चोरट्या कारभारातला पहिला.

शामकांतनी फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे धरला आणि सगळं सांगितलं, एक शब्द न चोरता. मंगळवार, शिट्टी, मी, अकरा सेट. "तुमच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं पूर्ण ऐकले. ते खरं नव्हतं. मला माफ करा," असं म्हणून ते थांबले.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग कानिफनाथ बोलला. त्याचा आवाज मुळात बारीक, त्यात मळ्यातून बोलत होता.

"सर, सेट चांगला हाय. त्याबद्दल मी काय म्हनत न्हाई. पर दोन वरसं मी पाव्हन्यांना झाकन उगडून तुमची चिठ्ठी दावतोय. दुरुस्ती करनारे आमच्या श्रीरामपुरातबी हुते. आमी ते तुमच्या कानापाशी आनलं हुतं, आन् तुमी ऐकलंच न्हाई म्हना की. बरं. आता ती चिठ्ठी काडून टाकतो मी. बाईंना नमस्कार सांगा."

फोन बंद झाला.

शामकांतना शब्द कळले नव्हते. इतके दिवस फोनवर असं झालं की ते 'रेंज नाही' म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. आज त्यांनी तसं केलं नाही. माझ्याकडे वळले.

"काय म्हणाला?"

सेट चांगला आहे म्हणाला, नमस्कार सांगितलाय. एवढंच सांगितलं असतं तरी त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं, चहाबरोबर द्यायच्या सगळ्या वाक्यांसारखं तयार. समोर यांचा चेहरा होता. सकाळपेक्षा दहा वर्षांनी म्हातारा.

"सेट चांगला आहे म्हणाला," मी सुरुवात केली, आणि थांबले. मग बाकीचं सांगितलं. पाव्हन्यांचं सांगितलं, श्रीरामपूरचं सांगितलं, तुमच्या कानापाशी आणलं होतं आणि तुम्ही ऐकलंच नाही, हे सांगितलं. चिठ्ठी काढून टाकणार आहे हे सांगताना माझा आवाज फुटला, तरी सांगितलं.

शामकांत हातातल्या फोनकडे बघत बसले. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"सगळं सांगितलंस ना?"

"सगळं."

"मग दुसरा नंबर वाच."